ज्याचा हिस्सा, त्याचीच नोंद

४ नोव्हेंबर २०२५ रोजी गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले, तेव्हा घरोघरी एकच प्रश्न पोहोचला. २००२ ते २००४ या काळातील मागच्या पुनरीक्षणाच्या यादीत तुमचे, किंवा तुमच्या आईवडिलांचे, नाव कुठे आहे? वंशावळ हा तोवर अनेकांच्या लेखी हौसेचा, फार तर कुळाभिमानाचा विषय होता. त्या अर्जाने तो नागरिकत्वाच्या व्यवहारात आणून ठेवला. मात्र गोमंतकीयांना जो प्रश्न एका पिढीपुरता विचारला गेला, तो देशाच्या काही भागांत तीन-चार पिढ्या मागे जाऊन विचारला जातो आणि त्याच्या उत्तरावर शिष्यवृत्ती, नोकरी व कसत असलेली जमीनही अवलंबून असते. मध्य प्रदेशातील बालाघाट हा असाच एक जिल्हा आहे.

सुमारे ९,२०० चौरस किलोमीटरचा हा जिल्हा आकाराने गोव्याच्या अडीचपट आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १७ लाखांवर होती, तर गोव्याची साडेचौदा लाख. दक्षिणेकडील कटंगी, वारासिवनी, खैरलांजी, किरनापूर, लांजी हा पट्टा महाराष्ट्राच्या भंडारा-गोंदिया जिल्ह्यांना लागून आहे. सोयरिकी दोन्हीकडे, बाजारहाट दोन्हीकडे आणि बोलण्यात हिंदी, मराठी व पोवारी यांची सरमिसळ. अशा जिल्ह्यात पणजोबाचा कागद शोधताना काय घडते, हे पाहिले की देशभर विचारल्या जाणाऱ्या वंशाच्या पुराव्यामागील मूळ विसंगती ध्यानात येते. सरकार ज्यांच्याकडे सर्वाधिक पुरावा मागते, त्यांच्याच पूर्वजांचे कागद सरकारी दप्तरात सर्वांत कमी आहेत.

एक जिल्हा, अनेक दप्तरे

बालाघाट जिल्हा १८६७ साली व त्यापुढील काही वर्षांत भंडारा, सिवनी आणि मंडला या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून आकाराला आला. त्याआधीचा कागद हवा असेल तर शोध यांपैकी कोणत्या तरी दप्तरात जाऊन पोहोचतो. पुढे मध्य प्रांतात हा जिल्हा नागपूर विभागात होता आणि स्वातंत्र्यानंतरही १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. कुटुंब जागचे हलले नाही तरी त्याचे कागद असे तीन-चार कचेऱ्यांत विखुरले.

या सीमारेषेची झळ जातीच्या दाखल्याच्या वेळी लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० हे राष्ट्रपतींच्या आदेशांचे दिवस प्रमाण मानले जातात. त्या तारखेला कुटुंब कोणत्या राज्यात राहत होते, हे दाखवावे लागते. इतर मागासवर्गासाठी महाराष्ट्राने १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरली, तर मध्य प्रदेशाने २६ डिसेंबर १९८४. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतर करणाऱ्याला नव्या राज्यात आरक्षणाचा लाभ मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या निकालात स्पष्ट केले आहे. आता १९५० साली आजोबा बालाघाटात आणि त्यांचे सख्खे भाऊ भंडाऱ्यात असतील, तर ते दोघेही तेव्हा एकाच राज्याचे रहिवासी होते. त्यांच्या नातवंडांना मात्र दोन वेगवेगळ्या राज्यांत, दोन वेगवेगळ्या तारखांचे पुरावे शोधत फिरावे लागते.

जनगणनेचे बंद दार

अशा वेळी जुनी जनगणना काढून पाहावी, ही कल्पना सहज सुचणारी आहे. ब्रिटनमध्ये शंभर वर्षे उलटल्यावर प्रत्येक घराची जनगणना-पत्रके लोकांसाठी खुली होतात. १९२१ ची पत्रके जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत हीच मुदत ७२ वर्षांची आहे. तिथल्या नागरिकाला पणजीचे वय, व्यवसाय आणि त्या वेळी घरात असलेली मुले घरबसल्या पाहता येतात.

भारतात हे दार बंद आहे. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार जनगणनेच्या वैयक्तिक नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाही नाही आणि दिवाणी दाव्यात त्या पुरावा म्हणून ग्राह्यही नाहीत. नागरिकाने मोकळेपणी माहिती द्यावी, ती त्याच्याविरुद्ध वापरली जाणार नाही, हा त्यामागचा हेतू योग्यच होता. पण ब्रिटनप्रमाणे शंभर वर्षांनी खुले करण्याची तरतूद आपण केली नाही आणि इंग्रजी अमदानीतील मूळ पत्रकेही सामान्यतः जपली गेली नाहीत. उरले ते छापील खंड. त्यांत बालाघाटात अमुक जातीचे किती लोक होते, हे सापडते. आजोबा सापडत नाहीत. १९५१ च्या जनगणनेवरून गावोगाव तयार केलेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर हा एक अपवाद. आसामात त्यावर पुढे मोठे रामायण घडले. महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या शोधातही हे रजिस्टर तपासायच्या कागदपत्रांत होते. श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष असा भेद न करता सर्वांना मोजणारा दस्तऐवज वंशशोधाच्या कामी जवळजवळ निरुपयोगी ठरतो, ही पहिली अडचण.

मृत्युपत्र लिहीत होते कोण?

याउलट मृत्युपत्राचे दार कायद्याने उघडे आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार नोंदवलेली मृत्युपत्रे दुय्यम निबंधकाच्या तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात उतरवली जातात. लिहून ठेवणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. मृत्यूनंतर मात्र अर्ज करणाऱ्या कोणालाही ती मिळू शकते. पुस्तक स्वतः चाळता येत नाही, शोध निबंधकानेच घ्यायचा असतो. ही तरतूद फारशी कोणाला ठाऊक नाही. पुराव्याच्या कायद्यातही अशा कागदाला वजन आहे. मृत व्यक्तींमधील नात्याचा उल्लेख मृत्युपत्रात, कौटुंबिक दस्तात किंवा वंशावळीत वाद उद्भवण्यापूर्वी झालेला असेल, तर तो विचारात घेतला जातो. १८७२ च्या कायद्याचे हे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. योग्य ताब्यातून आलेला तीस वर्षांहून जुना दस्त अस्सल मानण्याची मुभाही न्यायालयाला आहे.

पण मुळात मृत्युपत्र लिहीत होते कोण? मिताक्षर पद्धतीच्या एकत्र कुटुंबात वडिलोपार्जित जमिनीतील आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची सोयच १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापर्यंत नव्हती. स्वकष्टार्जित मालमत्ता असलेला मालगुजार, सावकार, वकील किंवा कंत्राटदार मृत्युपत्र करी. शिवाय मुंबई, मद्रास, कलकत्त्याप्रमाणे मध्य प्रांतात हिंदूंच्या मृत्युपत्राला न्यायालयाकडून प्रोबेट घेण्याची सक्ती नव्हती. म्हणून अनेक मृत्युपत्रे कचेरीपर्यंत पोहोचलीच नाहीत. ती घरच्या पेटीत राहिली आणि वाळवीच्या स्वाधीन झाली. जमीनदार कुटुंबांचा माग त्यामुळे मृत्युपत्रापेक्षा वाटणीपत्र, दत्तकपत्र, बक्षीसपत्र आणि बंदोबस्ताच्या कागदांत अधिक लागतो. मध्य प्रांतातील जमाबंदीच्या वेळी तयार झालेली गावाची मिसल आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर तयार झालेले अधिकार अभिलेख हे तिकडच्या वंशशोधाचे खरे आधार आहेत.

वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार समाजाकडे याखेरीज भाटांच्या पोथ्यांची परंपरा आहे. माळव्यातून रामटेकजवळच्या नगरधनला आणि तिथून वैनगंगेकाठी, असा प्रवास ही परंपरा सांगते. छत्तीस कुळांची नावे आजही सोयरिकीच्या वेळी विचारली जातात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बैहरच्या पठारावर शेती वाढवण्यासाठी इंग्रज अधिकाऱ्यांनी या शेतकऱ्यांच्या वसाहतीला उत्तेजन दिले. त्यामुळे जमिनीचे कागद आणि भाटाची पोथी असे दोन्ही धागे या समाजातील अनेक कुटुंबांच्या हाती आहेत. अडचण उरते ती लेखनाची. सीमेच्या अलीकडे ‘टेंभरे’ असलेले आडनाव पलीकडे ‘टेम्भरे’ होते आणि तेवढ्यावरून ‘नावात तफावत’ असा शेरा बसतो.

गोमंतकाच्या दप्तरातून दिसणारा फरक

इथे गोव्याशी तुलना उद्बोधक ठरते. ज्या १८६७ साली बालाघाट जिल्ह्याची जुळवाजुळव सुरू झाली, त्याच वर्षी पोर्तुगालने आपली नागरी संहिता केली आणि १८७० पासून ती गोव्यात लागू झाली. या परंपरेत मालमत्तेचा ठरावीक भाग सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो. आज तो निम्मा आहे. मृत्युपत्र नोटरीच्या पुस्तकात उतरते आणि वारसाहक्काच्या इन्व्हेंटरी कार्यवाहीत मुलांसह मुलींचीही नावे नोंदवावी लागतात, कारण मुलगी वारस असते. तिला हिस्सा आहे म्हणून तिचे नाव आहे. मिताक्षर पद्धतीत मुलीला जन्मतः हिस्सा मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीने. तोपर्यंतच्या कागदांत ती एक तर कोणाची विधवा म्हणून दिसते किंवा दिसतच नाही.

गोव्याचे दप्तर सर्वसमावेशक होते, असा याचा अर्थ नव्हे. कोमुनिदादीच्या याद्यांत गावकर पुरुषांची नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मुंडकार आणि कुळे मात्र आपल्या वास्तव्याचा पुरावा अजून शोधत आहेत. दोन्हीकडचा नियम एकच आहे. दप्तर माणसांचे नसते, मालमत्तेचे असते; मालमत्तेत ज्याचा हिस्सा, त्याचीच त्यात नोंद.

हा प्रश्न जुना झालेला नाही. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात आदिवासी स्त्रीच्या वारसांना आजोळच्या मालमत्तेत समान वाटा दिला. बालाघाटातही गोंड वस्ती मोठी आहे. या निकालाच्या आधारे कोणी दावा केलाच, तर अमुक स्त्री अमुक माणसाची मुलगी होती, हे सिद्ध करावे लागेल. आणि तो कागद कोणी लिहून ठेवलेला असण्याची शक्यता थोडी.

कोटवाराचे पुस्तक

भूमिहीनांचा माग मग कुठे लागतो? मुख्यतः दोन ठिकाणी. पहिले कोटवाराचे, विदर्भाच्या बोलीत कोतवालाचे, पुस्तक. गावातील जन्म-मृत्यूची वर्दी कोटवार पोलीस ठाण्याला देई. ही चाकरी बहुतेक गावांत महार समाजाकडे होती. ज्याच्या नावावर गावात शेत नव्हते, त्यानेच साऱ्या गावाच्या जन्ममृत्यूचा हिशेब सांभाळला. या नोंदींत बापाचे नाव व जात असते, पण बाळाचे नाव अनेकदा नसते, कारण बारशाआधीच वर्दी गेलेली असे. दुसरे ठिकाण म्हणजे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. त्यात नाव, जात, जन्मतारीख सारे असते. मात्र १९५० पूर्वी शाळेची पायरी चढलेलाच कोणी नसेल, तर तेही हाती लागत नाही. भरवेलीच्या मँगनीज खाणीत किंवा पुढे मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत राबलेल्यांचे नाव जमिनीच्या कागदात शोधून मिळणार नाही. ते असलेच तर हजेरीपटावर.

सर्वांत कठीण कसोटी जंगलात राहणाऱ्यांची. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या वनवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. म्हणजेच १९३० सालापर्यंत मागे जावे लागते. पण याच कायद्याच्या नियमावलीने एक शहाणपणही दाखवले आहे. तेराव्या नियमात गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल यांच्याबरोबरच जुन्या कागदातील रहिवाशापर्यंत पोहोचणारी वंशावळ आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हेही पुरावे मानले आहेत. कागद नसणे हा माणसाचा दोष नव्हे, हे मान्य करणारे असे नियम आपल्याकडे फार नाहीत.

सापडलेला शब्द आणि त्याचा अर्थ

कागद सापडला म्हणजे काम संपले असेही नाही. ‘कुणबी’ ही नोंद महाराष्ट्रात इतर मागासवर्गाकडे नेते. शिंदे समितीच्या शोधात अशा ५० लाखांहून अधिक नोंदी पुढे आल्या. गोव्यात तोच शब्द, गावडा आणि वेळीप यांच्या जोडीने, २००३ पासून अनुसूचित जमातीचा आहे. विदर्भातील गोवारी समाजाचा सारा लढा सूचीतील ‘गोंडगोवारी’ या एका जोडशब्दाभोवती फिरला. नोव्हेंबर १९९४ मध्ये नागपुरात त्यासाठी निघालेल्या मोर्चातील चेंगराचेंगरीत ११४ जणांचा बळी गेला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही समाज एक मानण्यास नकार दिला. शंभर वर्षांपूर्वी पटवाऱ्याने कानावर पडला तसा लिहिलेला शब्द आज एवढे ओझे वाहतो आहे.

यातून काही गोष्टी सरळ निघतात. भंडारा, गोंदिया, सिवनी, मंडला आणि बालाघाट यांच्या जुन्या दप्तरांची सामाईक, शोधता येईल अशी सूची दोन्ही राज्यांनी मिळून करणे अवघड नाही. कोटवाराची पुस्तके आणि शाळांची रजिस्टरे यांना मिसलीइतक्याच काळजीने जपले पाहिजे, कारण गरिबाचे नाव असलेच तर तिथेच आहे. आडनावाच्या लेखनातील फरक तफावत धरू नये आणि वनहक्काच्या नियमातील वडीलधाऱ्यांच्या निवेदनाची सोय जातीच्या दाखल्यालाही मिळावी.

आणखी एक निर्णय केंद्राच्या हाती आहे. १ मार्च २०२७ या संदर्भदिनाची येती जनगणना डिजिटल असेल आणि १९३१ नंतर प्रथमच तीत सर्व जातींची गणना होणार आहे. आजच्या नागरिकाच्या गुप्ततेला धक्का न लावता या नोंदी जपाव्यात आणि शंभर वर्षांनी खुल्या कराव्यात, अशी दुरुस्ती कलम १५ मध्ये करता येईल. तसे झाले, तर २१२७ साली बैहरच्या पठारावरील किंवा काणकोणच्या डोंगरातील एखाद्या भूमिहीन स्त्रीचे नाव तिच्या पणतीला सापडेल, नावावर जमीन नसली तरीही.