सोलापूरला समुद्र नाही, पण नाला आहे

सोलापूरला समुद्र नाही, म्हणून समुद्रातल्या विषाशी आपला संबंध नाही, असं मानणारे बरेच आहेत. पण आपला जुना टीव्ही भंगारात गेल्यावर त्याच्या प्लास्टिकचं काय होतं, हे त्यांनी कधी विचारलं आहे का?

टीव्हीच्या कव्हरने पटकन पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त अग्निरोधक रसायनं मिसळत आले आहेत. त्यातली पीबीडीई ही रसायनं प्लास्टिकशी घट्ट जोडलेली नसतात. हळूहळू सुटून धुळीत येतात. पावसात ती धूळ नाल्यात जाते. पुढे सीना, भीमा, कृष्णा आणि बंगालचा उपसागर. मुंबईत वाट याहून जवळची आहे: कुर्ला-साकीनाक्याच्या भंगार गल्ल्यांजवळून मिठी नदी वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. ही रसायनं गाळाला चिकटतात, चरबीत साठतात. गाळातल्या किड्यापासून लहान मासा, मोठा मासा, पक्षी, माणूस; अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्यांचं प्रमाण वाढू शकतं. थायरॉईडच्या कामात ती ढवळाढवळ करतात.

मग दोषी कोण? बोट लगेच भंगारवाल्याकडे जातं. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील, मामा याच धंद्यात आहेत. विष त्यांनी मिसळलेलं नाही, तरी प्लास्टिक फोडताना आणि जाळताना पहिला श्वास त्यांचाच. स्टॉकहोम करारात यातल्या काही रसायनांवर २००९ मध्ये आणि डेका-बीडीईवर २०१७ मध्ये बंदीचा निर्णय झाला. भारताने २०२० मध्ये करारातल्या सात रसायनांवरच्या बंदीला मंजुरी दिली. त्या सातांत डेका नव्हतं. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मग ती आपल्या गल्लीपर्यंत का पोहोचत नाही?

कुणी म्हणेल, आगीचं काय? आग काय असते, हे सोलापूरकरांना कुणी शिकवू नये. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले. म्हणूनच सांगतो, माणूस वाचवायचा तर बाहेर पडायला मोकळी वाट हवी, सुरक्षित वायरिंग हवं आणि बंब वेळेवर हवा. टीव्हीत विष मिसळून ही कामं उरकत नाहीत.

महापालिकेने प्रभागवार ई-कचरा केंद्रं उघडावीत, खर्च कंपन्यांकडून वसूल करावा आणि भंगारवाल्याला हाकलण्याऐवजी प्रशिक्षण, मास्क आणि रास्त भाव द्यावा. प्रदूषण नियंत्रण मंडळाने खाडीतला गाळ आणि मासळी तपासून आकडे मराठीत आणि उर्दूत जाहीर करावेत. रत्नागिरीच्या दालदी मच्छीमाराला आणि माहीमच्या कोळ्याला आपल्या जाळ्यात काय येतंय हे कळलंच पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे, आणि दुसऱ्याचा हक्क बुडवणं ही लहान गोष्ट नाही.