पाळणा आणि दंडुका

ऐन दिवाळीत, चकलीचा तुकडा मोडता मोडता मी गर्भपातासारखा विषय काढला म्हणून घरातली वडीलधारी मंडळी माझ्यावर डोळे वटारतील, हे मला ठाऊक आहे. पण भाऊबीजेला बहिणीच्या ताटात ओवाळणी टाकणाऱ्यांनी तिच्या पोटातल्या ओझ्याबद्दल एकदा तरी बोलावे की नाही?

अमेरिकेत ‘बायकिंग फॉर बेबीज’ नावाची एक संस्था आहे. दक्षिण इलिनॉयमधल्या दोघा कॉलेजकुमारांनी ती काढली. दर उन्हाळ्यात तिची तरुण मुलेमुली सायकलींवर टांग टाकून निघतात आणि शेकडो मैल तुडवतात. स्वतःला ती मिशनरीच म्हणवतात. प्रार्थना करायची, पॅडल मारायचे, वर्गणी जमवायची. हा पैसा अडलेल्या गर्भवतींच्या मदतकेंद्रांना जातो. तिथे बाळाचे कपडे मिळतात, लंगोट मिळतात, दोन धीराचे शब्द मिळतात. गर्भपाताची वाट मात्र मिळत नाही.

माझे एक सुधारक स्नेही हे ऐकून कुत्सितपणे हसले. मला ते हसू मुळीच आवडले नाही. जुलैच्या उन्हात स्वतःच्या श्रद्धेपायी मांड्या भरून येईपर्यंत सायकल हाणणारा पोरगा आरामखुर्चीतल्या आम्हा पुरोगाम्यांपेक्षा बरा. न जन्मलेल्याची बाजू कोणी मांडायची, हा त्याचा प्रश्नही थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

मग माझे भांडण कशाशी? क्रूसाशी नाही, सायकलीशी तर नाहीच नाही. भांडण आहे ते सायकलीमागून येणाऱ्या दंडुक्याशी. १९७३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीला दिलेला हक्क त्याच न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी काढून घेतला आणि मिसुरी राज्याने त्याच दिवशी बंदी लागू केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी ती उठवण्याचा कौल दिला, हा भाग वेगळा. पाळणा घेऊन दारात उभा राहणारा माझा मित्र आहे. पण पाळण्यामागे फौजदार उभा केला, की त्या पाळण्याला दान कसे म्हणावे?

हे मी पुस्तकी बोलत नाही. बंदीचा अनुभव आमच्या गाठी आहे. १८६० च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला, आणि १९७१ च्या कायद्यापर्यंत तो तसाच राहिला. या शंभरावर वर्षांत किती जीव वाचले? माझ्या आजोळी एक विहीर होती. आजी तिच्याजवळून जाताना पदर सावरून मुकाट्याने चालायची. लहानपणी कारण विचारले तर पाठीत धपाटा बसला. मोठेपणी कळले, की एक तरुण विधवा तिथे दोन जीवांनिशी गेली होती. दंडसंहिता होतीच की तेव्हा!

त्या काळात आधार दिला तो जोतीराव आणि सावित्रीबाईंनी. १८६३ साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुपचूप ये, बाळंत हो, मूल न्यायचे तर ने, नाहीतर ठेवून जा. अशाच एका विधवेचे मूल त्यांनी पुढे दत्तक घेतले. पण तिला दारापर्यंत पोलिसाने हाकत आणावी, असे त्यांनी कधी म्हटले नाही.

आणि जन्मानंतर काय? १९९३ च्या अमेरिकी कायद्याने बाळंतिणीला बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी, तीही सर्वांना नाही. आपल्याकडे २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. (आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला ती मिळते का, हे फराळ आटोपल्यावर तिलाच विचारून पाहा.) आठवड्याचा पगार बुडाला तर भाडे थकते, अशा बाईला लंगोटांचे गाठोडे कितीसे पुरणार?

पुढच्या उन्हाळ्यात ती पोरे पुन्हा निघतील. त्यांनी वाटेतल्या एखाद्या विधिमंडळापुढे सायकली टेकवून पगारी रजा मागितली, तर मी वर्गणी द्यायला तयार आहे. स्नेह्यांनी विचारले, “किती देणार?” म्हटले, “एका पाळण्यापुरती. दंडुक्याला छदामही नाही.”