मधुमेहाची मुळे आईच्या ताटात

चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागले, की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे एकामागून एक येतात. एकेकाळी आषाढात इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची आवणी चाललेली दिसे. आज त्यातल्या कितीतरी खाचरांच्या जागी इमारती, गोदामे आणि मंगल कार्यालये उभी आहेत. याच मुळशी तालुक्यात हिंजवडीची संगणकनगरी वसली, आणि याच तालुक्यात बावधनला मधुमेहावरील उपचार व संशोधनासाठी चेलाराम संस्थाही उभी राहिली. दोन्ही एकाच तालुक्यात असाव्यात हा योगायोग असेल; पण त्यात काळाची खूण आहे. ज्या घरातला आजा दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून राबत असे, त्याच घरातला नातू आज रखवालदाराच्या खुर्चीवर बसून किंवा गाडी चालवून दिवस काढतो. ताटातला भात तेवढाच आहे. अंगातून निघणारा घाम मात्र तेवढा राहिलेला नाही.

मधुमेह का वाढला, याचे हे उत्तर खरे आहे. पण ते अर्धेच. उरलेले अर्धे पुणे जिल्ह्यातल्याच खेड्यांमधून जगासमोर आले.

सहा खेड्यांची गोष्ट

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. गर्भ राहण्याच्या आधीपासून स्त्रियांची नोंद ठेवायची, गरोदरपणी त्या काय खातात, किती कष्ट करतात ते पाहायचे, रक्त तपासायचे आणि जन्मलेले मूल मोजायचे, असे हे चिकाटीचे काम होते. साउदम्प्टनच्या डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्याआधी इंग्लंडमधल्या जुन्या नोंदींवरून असे मांडले होते, की जन्मतः वजन कमी असलेल्यांना उतारवयात हृदयविकार आणि मधुमेह अधिक होतो. आपल्याकडे तर बहुतेक मुले हलकीच. मग पुढे काय वाढून ठेवले आहे?

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी तज्ज्ञांनाही चकित केले. पुण्याजवळच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून रोड, आतून स्थूल! पुढच्याच वर्षी डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे दिली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, म्हणजे निर्देशांक २२.३, पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. ‘मी काही लठ्ठ नाही, मला कशाला होतोय मधुमेह’ या आपल्या लाडक्या समजुतीला याहून सोपे उत्तर सापडायचे नाही.

याच खेड्यांतली आणखी एक नोंद गृहिणींनी ध्यानात ठेवावी अशी आहे. बाळाच्या वाढीचा संबंध आईने एकूण किती खाल्ले याच्याशी फारसा दिसला नाही. तो दिसला पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. शिवाय सुमारे दोनतृतीयांश आयांमध्ये ‘बी-१२’ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रभाव मंदावलेला आढळला. अर्थात, म्हणून गरोदर बाईने फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करणे हा आततायीपणा ठरेल. बाळाच्या मज्जारज्जूसाठी त्या आवश्यकच आहेत. मुद्दा आहे तो जोडीला बी-१२ पुरेसे असण्याचा.

तिशीपर्यंत थांबायचे?

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असे नव्हे. वैद्यकीय संशोधनात हा फरक फार मोलाचा असतो. म्हणूनच ती मुले वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांनाच बी-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहणारा प्रयोग हाती घेतला गेला. आईने रक्त दिले, मग लेकीने दिले, आता नातवंडे. अशी सोबत गावाने केली नसती, तर हे ज्ञान हाती आलेच नसते.

मात्र त्या ज्ञानाची परतफेड अजून व्हायची आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर. सरकारी आरोग्य केंद्रांतली सर्वसाधारण तपासणी तिशीनंतर सुरू होते. आणि या सहा खेड्यांत तर अठराव्या वर्षीच अनेक सडपातळ मुलामुलींची साखर वाढलेली दिसली. पिरंगुटच्या कारखान्यात कामाला लागलेल्या २२ वर्षांच्या काटकुळ्या पोराला मग कोण तपासणार? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी २००६ साली दाखवून दिले आहे, की उंबरठ्यावरच्यांनी आहार आणि चालणे सांभाळले, तर मधुमेहाचा धोका चौथ्या हिश्शाहून अधिक घटतो. पण त्यासाठी आपण उंबरठ्यावर आहोत, हे आधी कळायला हवे.

घरात टेप असतोच. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या पुढे गेली असेल, तर वजनकाटा काहीही सांगो, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. आणि यापेक्षाही मोठी गोष्ट ताटाची. दोष आईचा नाही. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या सुनेच्या ताटात पालेभाजी, फळ आणि दूध-दही किंवा अंडे पोचते की नाही, हा घराने घराला विचारायचा प्रश्न आहे. पन्नाशीतल्या सासऱ्याच्या साखरेची काळजी करणाऱ्या घराने नातवाच्या साखरेची काळजी तिथूनच सुरू करायला हवी.