अर्धशक्ती किलोमीटरमध्ये मोजता येत नाही

गेल्या दीड-दोन दशकांत महाराष्ट्रातील शहरांमधून सायकल क्लबांची मोठीच चळवळ उभी राहिली आहे. रविवारी पहाटे पुण्याहून दिवेघाटमार्गे सासवडकडे, कात्रज ओलांडून खंबाटकीकडे, नाशिकहून इगतपुरी-कसाऱ्याकडे जाणारे सायकलस्वारांचे जथे आता कोणाच्या कुतूहलाचा विषय राहिलेले नाहीत. ऐंशी, शंभर, प्रसंगी दीडशे किलोमीटर अंतर कापून ही मंडळी दुपारपर्यंत घरी परततात. त्याहून पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी फ्रान्समधील ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियन’ या संस्थेच्या नियमांनुसार भरणारे ‘ब्रेव्हे’ आहेत. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करावे लागतात. एका हंगामात हे चारही टप्पे पार करणाऱ्यास ‘सुपर रॅन्डोनर’ म्हणतात आणि अशा किताबधारकांची संख्या आपल्याकडे लक्षणीय आहे.

ही मंडळी आपल्या चिकित्सालयात येतात. बहुतेक जण चाळिशीच्या आसपासचे, आठवड्याचे पाच दिवस खुर्चीवर बसून काम करणारे, वाढलेल्या वजनाच्या किंवा रक्तशर्करेच्या धास्तीने सायकलकडे वळलेले असतात. त्यांना आपण काय सांगतो? माझ्या निरीक्षणाप्रमाणे आपल्यात दोन पंथ आहेत. पहिला पंथ नाडीवर बोट ठेवता ठेवताच ‘व्यायाम अर्धशक्तीनेच करावा’ हे वचन ऐकवतो आणि शंभर किलोमीटरवर सरसकट फुली मारतो. दुसरा पंथ क्लबच्या वर्धापनदिनी प्रमुख पाहुणा म्हणून जातो, सायकलचे गुणगान करतो, च्यवनप्राशाची माहितीपत्रके वाटतो आणि परत येतो. पहिल्याचे कोणी ऐकत नाही आणि दुसऱ्याने ऐकण्यासारखे काही सांगितलेले नसते. या दोन्ही वागण्यांत आपल्या संहितांवर अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम अर्धशक्तीविषयी. सुश्रुतांनी चिकित्सास्थानात बलार्धाचे लक्षण दिले आहे ते अंतराचे नाही, काळाचेही नाही. व्यायाम करीत असता हृदयस्थानी असलेला वायू मुखापर्यंत येऊ लागणे, हे ते लक्षण होय. कपाळ, नाक, काखा, सांधे येथे स्वेद दिसणे आणि मुखशोष ही लक्षणेही परंपरेने त्यात धरली जातात. म्हणजे हे मोजमाप करणाऱ्याच्या शरीरात आहे, रस्त्यावरच्या मैलाच्या दगडावर नाही. वाग्भटांनी अर्धशक्तीची मर्यादा बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांसाठी, तीही शीतकाळी व वसंतात सांगितली आहे. इतरांनी व इतर ऋतूंत त्याहूनही कमी. साहजिकच ज्याचे बल क्रमाने वाढलेले आहे, त्याची अर्धशक्तीही मोठी असते. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा अशी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्याने पूर्ण केली. हे तिघेही वैद्यकीय क्षेत्रातले आहेत, हे विशेष. अशा माणसाला शंभर किलोमीटर म्हणजे फेरफटका आणि जिना चढताना धाप लागणाऱ्या गृहस्थाला वीस किलोमीटरही अतिव्यायाम. दोघांना एकच आकडा सांगणारा वैद्य प्रकृतिपरीक्षण कशासाठी करतो, असा प्रश्न पडतो.

मग धोका नाहीच का? आहे, परंतु आपण तो चुकीच्या ठिकाणी शोधतो. व्यायामाच्या प्रकरणाऐवजी चरकांच्या निदानस्थानातील शोषनिदान उघडून पाहावे. तेथे शोषाची चार आयतने सांगितली आहेत: साहस, संधारण, क्षय आणि विषमाशन. रविवारच्या सायकलस्वारीवर ही चारही एकाच दिवशी, एकाच माणसाच्या ठिकाणी एकत्र येऊ शकतात. (येथे शोष हा शब्द राजयक्ष्मा या अर्थाने घेऊन कोणी घाबरू नये, धातूंची झीज एवढाच अर्थ मला अभिप्रेत आहे.)

साहसाचे वर्णन करताना चरकांनी सर्वांत आधी कोणते उदाहरण घेतले आहे? दुर्बल असून बलवानाशी झुंजणाऱ्याचे. त्याच मालिकेत पुढे फार लांबचा मार्ग वेगाने आक्रमणाराही येतो. समूहाने सायकल चालवण्याचा सारा प्रश्न या दोन उदाहरणांत आलेला आहे. एकटा सायकलस्वार दमला की थांबतो. समूहात तसे होत नाही. पुढच्याच्या मागे चाकाला चाक लावून चालवले की वाऱ्याचा विरोध बराच कमी होतो आणि कमी श्रमात अधिक वेग मिळतो. म्हणून प्रत्येक जण पुढचे चाक सुटू नये यासाठी जिवाचे रान करतो. चढ लागला की हा आडोसा निरुपयोगी ठरतो, बलवान पुढे निघतात आणि दुर्बल आपल्या शक्तीबाहेर ओढला जातो. श्रमश्वास हा अधारणीय वेगांमध्ये गणलेला आहे आणि त्याच्या अवरोधाने गुल्म, हृद्रोग, मोह होतात असे चरक सांगतात. धाप लागलेली असताना ती सोबत्यांपासून लपवणे, बोलायची वेळ आली तर मान डोलावून वेळ मारून नेणे आणि थांबायला हवे तेथे न थांबणे, यालाही मी श्रमश्वासाचे धारणच म्हणेन. हा अर्थविस्तार माझा आहे. विद्वानांनी त्यावर जरूर टीका करावी. परंतु सोबत चालवणाऱ्याशी एक पूर्ण वाक्य सलग बोलता येत नसेल तर बलार्ध ओलांडले गेले, एवढी साधी खूण क्लबमधील कोणालाही समजते आणि ती सुश्रुतांच्या लक्षणाशी तंतोतंत जुळते. जो क्लब सर्वांत मागच्याचा वेग हा सर्वांचा वेग मानतो आणि शेवटी एक अनुभवी स्वार ठेवतो, तेथे शंभर किलोमीटरही निर्धोक असू शकतात. जेथे परतल्याबरोबर मोबाइलवरच्या स्ट्राव्हात कोणाचा वेग किती याची तुलना सुरू होते, तेथे चाळीसही पुष्कळ आहेत.

संधारणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण याची झळ प्रामुख्याने स्त्रियांना बसते आणि क्लबांच्या बैठकांत हा विषय निघत नाही. महामार्गांवर स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहे किती अंतरावर सापडतात, हे आपण सर्व जाणतो. पुरुष कोठेही थांबतात. स्त्रिया पहाटेपासून पाणीच पीत नाहीत. तहान मारायची आणि मूत्रवेगही अडवायचा, असे दुहेरी संधारण पाच-सहा तास चालते आणि वर ऊन. सुश्रुतांनी उत्तरतंत्रात उष्णवाताची संप्राप्ती सांगताना व्यायाम, अध्व म्हणजे मार्गक्रमण आणि आतप हीच तीन कारणे दिली आहेत. त्यांनी कुपित झालेले पित्त वाताने आवृत होऊन बस्तीत येते, दाह होतो आणि हळदीसारखे पिवळे किंवा रक्तयुक्त मूत्र कष्टाने होते. चरकांनी मूत्रकृच्छ्राच्या हेतूंमध्ये व्यायामाबरोबर नित्य वेगाने पृष्ठयान करणे हेही सांगितले आहे. त्या काळी ते घोड्याच्या किंवा उंटाच्या पाठीवरून होत असे, आज अरुंद आणि कठीण सीटवरून होते. सोमवारी-मंगळवारी मूत्रदाहाची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णेला चंदनासव, गोक्षुरादि गुग्गुळ लिहून देताना रविवार कसा गेला हे आपण विचारतो का? हेतू तसाच ठेवून केलेली चिकित्सा दर सोमवारी नव्याने करावी लागते. थांबण्याची ठिकाणे अंतरावरून न ठरवता स्वच्छतागृहाच्या सोयीवरून ठरवावीत, असे क्लबच्या संयोजकांना सांगण्याचा अधिकार वैद्याला आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे.

सीटवरून आठवले. मूत्रदाह नसतानाही मूलाधाराच्या भागी बधिरपणा येतो, करंगळीत मुंग्या येतात, गुडघ्याच्या पुढच्या बाजूस शूल होतो. या तिन्हींसाठी तेलाची बाटली हाती घेण्याआधी सीटची उंची, तिचा कल आणि हँडलचे अंतर तपासावे. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. सीट फार खाली असेल तर जानुशूल जानुबस्तीने तात्पुरताच शमेल.

आता क्षय आणि विषमाशन. आदल्या रात्री उशिरा जड जेवण, पहाटे चारला उठून अनेकदा रिकाम्या पोटी प्रयाण, नऊ-दहा वाजता तर्री घातलेली मिसळ आणि भजी, दुपारी दोनला घरी आल्यावर भरपेट जेवण, असा साधारण क्रम असतो. अजीर्ण असताना व्यायाम वर्ज्य आहे आणि क्षुधित-तृषितानेही तो करू नये असे चरक सांगतात. येथे कित्येकदा दोन्ही नियम एकाच सकाळी मोडले जातात. यावर बाजारातील गोड जेलची पाकिटे हा उपाय झाला आहे. त्यांना माझा तात्त्विक विरोध नाही, दीर्घ श्रमांत शर्करा हवीच. पण चरकांच्या पन्नास महाकषायांतील श्रमहर गण आपण पाठांतरापुरताच का ठेवतो? द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव, षष्टिक. या दहांत एकही दुर्मीळ औषधी नाही, सगळे खाद्य आहे, आणि महाराष्ट्राच्या रस्त्यांवर ते जागोजाग उपलब्ध आहे. नाशिकच्या बाजूला द्राक्षे, सासवडच्या वाटेवर पुरंदरचे अंजीर, सांगोल्याकडे डाळिंब आणि कोणत्याही फाट्यावर रसवंती. मनुका, खजूर आणि चारोळी यांची पुरचुंडी खिशात मावते. दर तासाने थोडे थोडे खावे, पाणी तहानेनुसार प्यावे. तासन्‌तास नुसते साधे पाणी बळेच पीत राहिल्याने रक्तातील सोडियम घसरून भ्रम आणि आक्षेप येऊ शकतात, म्हणून दीर्घ पल्ल्यावर लवणयुक्त काही पोटात जाणे आवश्यक आहे. खर्जूरादि मंथात चिमूटभर सैंधव घालावे. मात्र पावसाळ्यात उदमंथ वर्ज्य, हेही विसरू नये.

पावसाळ्याचा उल्लेख आलाच आहे तर तेही सांगतो. ताम्हिणी, माळशेज, सिंहगड येथे सर्वाधिक गर्दी होते ती नेमकी वर्षा ऋतूत, जेव्हा अग्नी मंद, वायू कुपित आणि चरकांनी ऋतुचर्येत व्यायाम स्पष्टपणे वर्ज्य सांगितलेला असतो. निसर्गाची ओढ मला कळते. या दिवसांत अंतर निम्म्याहून खाली आणावे, भिजलेले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत आणि परतल्यावर सुंठ घातलेले उष्णोदक घ्यावे. हेमंत-शिशिरात हीच मंडळी पांघरुणात असतात. क्लबांनी आपले मोठे पल्ले त्या चार महिन्यांत ठेवावेत.

झोपेविषयी एकच मुद्दा. दिवास्वापाचा निषेध आपल्या जिभेवर इतका बसला आहे की रविवारी दुपारी झोपणाऱ्या सायकलस्वारालाही आपण दोष देतो. कर्म, भार आणि मार्गक्रमण यांनी कर्शित झालेल्यास दिवसा झोपण्याची मुभा चरकांनीच दिली आहे. चारशे-सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हेत रात्र जागून काढणाऱ्यास वाग्भटांचा नियम सांगावा: जागरणाच्या निम्मा काळ सकाळी, जेवणापूर्वी झोपावे. तसेच, व्यायाम, जागरण आणि अध्व यांचा अतिरेक करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, हा त्यांचाच दृष्टान्त महिन्याला एक ब्रेव्हे करू पाहणाऱ्यास ऐकवावा.

सर्वांत मोठी विषमता मात्र रविवारची नसून सोमवार ते शनिवारची आहे. सहा दिवस आसनसुख आणि सातव्या दिवशी शंभर किलोमीटर, हा व्यायाम नव्हे. सातव्या दिवसाचे साहस होय. अहिताचा त्याग व हिताचे सेवन पादांशाने करावे, हा क्रम चरकांनी व्यायामप्रकरणाच्या लगतच सांगितला, हा मला योगायोग वाटत नाही. आठवड्यात निदान तीन दिवस पाऊण तास सायकल, अंगाला तीळतेल, व्यायामानंतर सुखकर मर्दन, आणि रविवारचे अंतर टप्प्याटप्प्याने वाढवणे, एवढे ज्याने केले त्याला मी दोनशे किलोमीटरची अनुमती आनंदाने देतो.

काही ठिकाणी आपण थांबले पाहिजे. दीर्घ पल्ल्यानंतर मूत्र काळपट, चहाच्या रंगाचे झाले आणि मांड्या सुजून ताठल्या, तर तो उष्णवात समजून घरी चिकित्सा करू नये. मांसपेशींच्या विघटनाने वृक्कांना इजा होत असण्याची शक्यता असते, रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. चढावर छाती आवळून येणे, डाव्या हातात वा जबड्यात वेदना, सायकलवर असतानाच अंधारी येणे, यांनाही हाच नियम. चाळिशीनंतर प्रथमच दीर्घ पल्ल्याला निघणाऱ्याने रक्तदाब, रक्तशर्करा व हृदयाची तपासणी करूनच निघावे.

आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांना माझी एक सूचना आहे. हेमंतात आपापल्या गावच्या क्लबशी बोलून एका स्वारीच्या परतीच्या थांब्यावर दोन वैद्यांनी बसावे. भाषण करू नये, फलक लावू नये. द्राक्षा-खजुराची परात आणि सैंधव घातलेला मंथ ठेवावा आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचाराव्यात: शेवटचे मूत्रविसर्जन केव्हा झाले, काल रात्री किती झोप झाली, आणि आज कोणाच्या मागे चालवलेत.