माजी सैनिकाचे दुखणे एका गोळीचे नव्हे



महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. आजही आपल्या वस्त्यांत फौजेतून निवृत्त झालेले बांधव आहेत. १ जानेवारीला कोरेगावच्या स्तंभासमोर ते ताठ उभे राहतात. घरी आल्यावर मात्र रात्री कुशीवर वळताना कण्हतात.

वस्तीभेटीत आम्ही दुखण्याची चौकशी केली की उत्तर ठरलेले असते: "चालायचंच, सिस्टर. फौजी माणूस आहे." मग वहिनी आतून पिशवी आणतात. हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी एक, झोपेच्या गोळ्या दुसऱ्याच्या, मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या तिसऱ्याच. एकाने काय दिले ते दुसऱ्याला माहीत नाही. कॅन्टीनच्या रमबद्दल तर कुणीच विचारलेले नसते.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेली वेदना म्हणजे जुनाट वेदना. तिने झोप उडते, चिडचिड होते, माणूस हालचाल टाळतो. हालचाल थांबली की स्नायू कमजोर होतात आणि दुखणे आणखी वाढते. हे चक्र एका गोळीने तुटत नाही. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात अल्सर होतो, मूत्रपिंड बिघडते, रक्तदाब वाढतो. ट्रामाडॉलची सवय लागते. त्यावर दारू प्यायली तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो.

अमेरिकेने हा धडा फार महागात शिकला. तिथे माजी सैनिकांना वर्षानुवर्षे अफूच्या जातीची वेदनाशामके दिली गेली आणि अनेकजण त्यांत अडकले. २०१३ मध्ये त्यांच्या सरकारी माजी सैनिक रुग्णालयांनी या औषधांवर नजर ठेवायला सुरुवात केली. २०१६ च्या कायद्याने अशा प्रत्येक रुग्णालयात वेदना-उपचाराचे पथक नेमणे बंधनकारक झाले. वेदनेचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ, औषधतज्ज्ञ आणि नर्स एकाच रुग्णाचा एकत्र विचार करतात. वेदना शून्यावर आणणे हे उद्दिष्ट नसते; रुग्णाला नीट झोपता यावे, बाजारात चालत जाता यावे, नातवाला उचलता यावे, एवढे असते.

आपल्याकडे १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस योजना आहे आणि ती मोलाची आहे. पण गुडघा एकीकडे, कंबर दुसरीकडे आणि मन कुठेच नाही, असे पाठवून माणूस बरा होत नाही. आमची मागणी साधी आहे. पॉलिक्लिनिकमध्ये आठवड्यातून एक दिवस वेदनेसाठी राखून ठेवा, त्या दिवशी सगळ्यांनी मिळून रुग्ण पाहावा, एकच कागद ठेवावा आणि पाठपुरावा एका सिस्टरकडे सोपवावा. माजी सैनिकांच्या संघटनांनी हे लेखी मागावे.

तोवर घरातल्यांनी एवढे करावे. सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. दारूचेही सांगा, त्यात लाज नाही. फिजिओने शिकवलेला व्यायाम घरच्यांनी रोज सोबत बसून करून घ्या. पाय एकाएकी लुळा पडला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. ईसीएचएसचे कार्ड काढले नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. पेन्शनवर असलेल्या सैनिकांच्या विधवा भगिनींनीही ती करावी.

अतिसाराने पडलेल्या एका भिक्खूकडे कुणीच लक्ष देत नव्हते. तेव्हा तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः आंघोळ घातली आणि संघाला एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितले. दुखणे मुकाट्याने सोसण्यात शौर्य नाही. ते बोलून दाखवा, आणि ते दूर करायला आपण सगळे मिळून लागूया.

नमो बुद्धाय! जयभीम!