चंदा गोळा करण्याआधी ऊन मोजू या

गेल्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या गावी गेलो होतो. इशाच्या नमाजला नव्या मशिदीत उभा राहिलो. जुनी कौलारू मशीद पाडून दोन वर्षांपूर्वी ही बांधली. चकचकीत फरशी, काचेच्या मोठ्या खिडक्या, चार एसी. त्या रात्री लाइट गेली होती. पहिल्या सफमध्ये उभं राहिलं की समोरच्या भिंतीतून चुलीसारखी धग येत होती. सूर्य मावळून दोन तास झाले होते, तरीही. बाहेर पडताना शेजारचे चाचा म्हणाले, "बाबू, जुन्या मशिदीत असा जीव घाबरा होत नव्हता रे."

ते मला लागलं. कारण मी आर्किटेक्ट आहे. या मशिदीचा नकाशा जमातीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. नकाशा नीट न बघताच मी 'माशाअल्लाह' लिहून मोकळा झालो होतो.

त्या रात्री घरी येऊन लॅपटॉप उघडला. जे काम दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं, ते तेव्हा केलं.

इमारतीच्या अभ्यासासाठी हवामानाची एक फाइल मिळते. तिला 'ईपीडब्ल्यू' म्हणतात. एका वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाचं तापमान, दमटपणा, वाऱ्याची दिशा आणि वेग, उन्हाची तीव्रता तिच्यात असते. रत्नागिरीची फाइल इंटरनेटवर मोफत आहे. ती वाचायला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या केंद्राचं 'क्लिमा' हे साधन आहे. ते ब्राउझरमध्येच चालतं, पैसे पडत नाहीत. पुढे जायचं असेल तर 'लेडीबग' आहे. मुस्तफा सादेगीपूर रूदसरी यांनी २०१३ मध्ये ते सुरू केलं. तेही मोफत आहे. मात्र ते ज्या रायनो सॉफ्टवेअरमध्ये सर्वाधिक वापरलं जातं, ते विकत घ्यावं लागतं. त्याची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती मोफत मिळते.

मशिदीचं साधं मॉडेल करून त्यावर ऊन सोडलं आणि चाचांचं कोडं सुटलं. आपल्याकडून किब्ला पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे झुकलेला. मे महिन्यात सूर्यही पश्चिमेच्या थोडा उत्तरेलाच मावळतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात संध्याकाळचा सूर्य थेट मेहराबच्या भिंतीच्या पाठीवर असतो. असरच्या वेळी शोषलेली उष्णता जाड भिंतीतून आत पोहोचायला काही तास घेते आणि इशाला पहिल्या सफला भेटते. सूर्य इतका खाली असतो की वरच्या छज्जाचा उपयोग होत नाही. तिथे झाडं लागतात, पडवी लागते, नाहीतर भिंतीपासून सुटी उभी केलेली जाळी.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून वारा येतो आणि आपण नेमकी तीच बाजू कोरी भिंत घालून बंद केली. वर, पावसाची झड येणार नाही अशा खोल आडोशात झरोके ठेवले असते तर नमाजीची नजरही विचलित झाली नसती आणि वाराही आला असता.

तिसरी गोष्ट छप्पर. आपल्या अक्षांशावर मेमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सर्वांत जास्त ऊन छप्पर खातं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या 'इको निवास संहिते'त घरांच्या छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा आहे: एक अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमागे १.२ वॅट. उघड्या आरसीसी स्लॅबमधून याच्या दुपटीहून जास्त उष्णता येते. ही संहिता मशिदीसाठी नाही, पण ऊन घर आणि मशीद असा भेद करत नाही. गल्फच्या कमाईतून कोकणात उभे राहिलेले आपले स्लॅबचे बंगलेही असेच तापतात.

कुणी म्हणेल, आपल्या आजोबांना कुठे कॉम्प्युटर लागला? बरोबर आहे. पण जांभा, कौलं, माळा आणि पडवी हे कुणा एकाचं डोकं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या चुका करत, दुरुस्त करत ते शहाणपण आलं होतं. आपण एका पिढीत सामान बदललं. आता काँक्रीट आणि काच यांच्या चुका शिकायला शंभर वर्षं थांबायचं का? आणि प्रत्येक चूक चंद्याच्या पैशातून करायची का? सॉफ्टवेअरचा खरा फायदा एवढाच आहे की चूक आधी पडद्यावर करता येते. पडद्यावरची भिंत पाडायला पैसे लागत नाहीत.

हे आपल्याकडे जमणार नाही असं वाटत असेल तर ढाक्याची बैत-उर-रऊफ मशीद बघा. तिथेही किब्ला पश्चिमेला, हवा दमट. मरीना तबस्सुम यांनी ती विटांची बांधली. विटांच्या जाळ्यांतून वारा येतो, छतातल्या गोल झरोक्यांतून उजेड. २०१६ मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

आकडेवारीला देव मानू नका, हेही सांगतो. ती फाइल वेधशाळेतल्या जुन्या नोंदींवरून केलेली असते. तुमच्या गल्लीतल्या पत्र्यांची धग तिला माहीत नाही, वाढत चाललेली उष्णताही नाही. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर चढलं हेही ती सांगत नाही. त्यासाठी पाटबंधारे खात्याच्या पूररेषा बघाव्या लागतात आणि मोहल्ल्यातल्या बायकांना विचारावं लागतं. दुपारी कुठल्या खोलीत बसवत नाही, वारा कुठल्या दारातून येतो, हे दिवसभर घरात राबणाऱ्यांनाच ठाऊक असतं.

आपल्या गावांतून आता मुलं-मुली आर्किटेक्चर, सिव्हिल, कॉम्प्युटर शिकतायत. मोठ्या शहरातल्या काचेच्या टॉवरसाठी ही साधनं वापरायला ती शिकतील, पगारही मिळेल. त्यातला एक रविवार आपल्या जमातीला द्या. मशीद, मदरसा, घर, काहीही बांधायचं ठरलं की नकाशासोबत तीन चित्रं ठेवा: ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, छप्पर किती तापतं. जमातीच्या वडीलधाऱ्यांनी ती बघायला एक बैठक द्यावी. वुजू करताना पाणी वाया घालवू नये हे आपण लहानपणीच शिकतो. मग लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा एसीच्या बिलात का घालवायचा?

आमच्या मशिदीच्या पश्चिमेला आता कडुनिंब आणि करंज लावलेत. सावली पडायला काही वर्षं जातील. नकाशाच्या वेळी मी एक रात्र जागलो असतो तर ती वर्षं वाचली असती.