बेने इस्राएलांचें मराठी दप्तर

इ. स. १८७४ सालीं पुण्यास विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यांत एक पुस्तक छापून निघालें. वल्हांडणाच्या रात्रीं यहुदी कुटुंबांत वाचावयाचा तो ‘हग्गादा’. मिसर देशाच्या दास्यांतून इस्राएल लोक कसे सुटले त्याची कथा त्यांत हिब्रू भाषेंत असून जोडीस तिचा मराठी अर्थ आहे. चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रियांचा पोषाखहि इकडचाच आहे. परदेशांतील संग्राहक या पुस्तकाच्या प्रती आवर्जून शोधतात. आणि ज्या महाराष्ट्रांत तें छापलें गेलें तेथें त्याचें नांवहि फारसें कोणास ठाऊक नाहीं, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते.

कुलाब्यांतील नवगांवच्या किनाऱ्यास ज्यांचे पूर्वज लागले असें परंपरा सांगते, शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून ज्यांस गांवकरी ‘शनवार तेली’ म्हणत, आणि ज्यांचीं आडनांवें केहिमकर, पेणकर, रोहेकर अशीं, त्या बेने इस्राएल लोकांस परके कोण म्हणेल? गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत त्यांनीं आपल्या धर्मपुरुषांचीं चरित्रें कीर्तनांतून गाइलीं. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं हिब्रू प्रार्थना व ग्रंथ मराठींत आणण्यांत आयुष्य घालविलें. आमच्या वाङ्मयचर्चेंत या गृहस्थाचें नांव कितीदां निघतें? संतांचें मराठी आमचें, मिशनऱ्यांचें मराठी अभ्यासाचें, आणि यहुद्यांचें मराठी मात्र कोणाचेंच नाहीं, असा हा न्याय आहे.

१९४८ नंतर या समाजांतील बहुसंख्य लोक इस्राएलांत गेले. मागें राहिलेल्या घरांचें काय झालें हें विचारावयास नको. चांदीचा किद्दूशचा पेला कोणी सांभाळतो, कारण ती चांदी आहे. पण हनुक्काचा नऊ वातींचा पितळी दिवा मोडींत जातो, आणि पत्रांचा गठ्ठा रद्दींत. शिवाय ज्या जीर्ण ग्रंथांत देवनाम आहे ते जाळावयाचे नाहींत, पुरावयाचे, अशी यहुदी रूढि आहे. रूढि आदरणीय खरी. परंतु तिच्या पोटीं एखादें दुर्मिळ पुस्तकहि मातीआड होतें.

हयीम सॅम्युएल केहिमकर यांनीं आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजींत १८९७ च्या सुमारास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ सालीं, तेल अवीव येथें! चाळीस वर्षांत त्या बाडास एकदां वाळवी लागली असती, तर आज त्या समाजाविषयीं आपण जें सांगतों त्यांतलें निम्मेंहि सांगतां आलें नसतें.

कागद राहिला तर काय होतें हें व्यापारी वाचकांनीं कैरोच्या उदाहरणावरून पाहावें. तेथील बेन एझरा मंदिराच्या कोठींत जुने लेख पुरण्याऐवजीं साठत गेले. सालोमन शेख्तर या पंडितानें ते १८९६–९७ मध्यें केंब्रिजला नेले. त्यांत बाराव्या शतकांत मंगळुरास राहून व्यापार करणाऱ्या अब्राहाम बेन यिजू याचीं पत्रें निघालीं. मिरीं, लोखंड, पितळेचीं भांडीं यांचे हिशेब, एडनच्या आडत्याच्या तक्रारी, भेटीदाखल धाडलेला कोरा कागद! आपल्या पश्चिम किनाऱ्याचा व्यापार कसा चाले हें ज्या कागदांवरून कळतें ते कोणा राजाचे ताम्रपट नव्हेत. दुकानदाराचीं पत्रें आहेत.

पैसेवाल्या परदेशी संग्राहकांस दूषण देण्यांत मात्र अर्थ नाहीं. लंडनच्या जॅक लुंझर यांचा वाल्मादोना ग्रंथसंग्रह बहुतांशीं २०१७ सालीं जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे गेला. आम्ही टाकलें, त्यांनीं उचललें. प्राचीन वस्तूंसंबंधीं १९७२ चा कायदा आहे. त्याअन्वयें शंभर वर्षांवरील कलावस्तु आणि ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचें पंचाहत्तर वर्षांवरील हस्तलिखित खासगी इसमास देशाबाहेर नेतां येत नाहीं. म्हणजे स्थलांतराच्या उंबरठ्यावर, १९४८–४९ सालीं, लिहिलेलीं पत्रेंहि आतां त्या मुदतीस पोंचलीं. कलम चांगलें आहे. परंतु तें बंदरावर पहारा करितें, रद्दीवाल्याच्या तागडीवर करीत नाहीं.

हें सर्व सोलापुरास कां सांगावें? कारण जुन्या ग्रंथांस पैसा कसा लावावा हें सोलापुरानें एकदां दाखविलें आहे. जीवराज गौतमचंद दोशी यांच्या द्रव्यांतून येथें जैन ग्रंथमाला निघाली व ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ १९४३ पासून छापून आला. जैन धनिकानें जैन ग्रंथांस दिलें, यांत नवल नाहीं, असें कोणी म्हणेल. मग आतां नवल करावें. रेल्वेच्या व सरकारी नोकरीच्या निमित्तानें हा समाज देशावरहि पसरला होता. जुन्या बाजारांत असें पुस्तक किंवा पत्र हातीं येईल त्यानें तें फाडूं नये. तें कोठून मिळालें हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें आणि पुण्यामुंबईच्या सिनेगॉगच्या पंचांस कळवावें. पंचांसहि आमची विनंति आहे कीं, ग्रंथ पुरण्यापूर्वीं त्याचें पानन् पान छायाचित्रित करूं द्यावें. त्यानें रूढीस बाध येत नाहीं. आणि राजपूरकरांचें एखादें भाषांतर पुन्हां छापावयाचें ठरल्यास पहिल्या शंभर प्रतींची मागणी या गांवच्या पेठेनें नोंदवावी.